ट्रॉलीचं नाक

गेल्या कित्येक महिन्यांत काकांनी मावशींवर एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि मावशी त्याला अगदी विटून गेल्या होत्या.

तसं पाहिलं तर इतर बायकांनी हेवा करावा असा हा नवरा. सकाळी डोळे उघडायच्या आत चहाचा कप हजर, तोही बशीसकट. पाण्याची बादली उचलायला गेलं की "राहू दे, राहू दे" करत धावत येणार. शिलाई मशीनवर जरा जास्त वेळ बसलं की पाठीशी उशी आणून ठेवणार आणि वर विचारणार, "टोचत नाही ना?" मावशी बाहेरच्या खोलीत कपडे शिवायच्या, काका मागच्या शेडमध्ये सुतारकाम करायचे, आणि लग्न झाल्यापासून या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवरून दिवसभर भांडण चालायचं. मोजपट्टी कुणी पळवली, भुसा कुणाच्या कापडावर उडाला, आमटीत मीठ कुणी दोनदा घातलं. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती. भांडण ऐकू आलं नाही तर दुकान बंद आहे असं समजून माणसं दारातूनच परत जायची.

मग मावशी स्टुलावरून पडल्या. माळ्यावरचं कापडाचं गाठोडं काढायला चढल्या होत्या. काका दारात आले, नेहमीच्या पट्टीत म्हणाले, "अगं, अजून तिथंच लोंबकळतेस का?" आणि नेमकं त्याच वेळी स्टूल कलंडलं. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आधी वॉकर आला, मग काठी आली, मग काठीही कोपऱ्यात गेली. डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता तुम्ही ठणठणीत आहात, हवं ते करा, फक्त स्टुलावर चढू नका. मावशींचा खुबा बरा झाला, पण काकांच्या मनाने जे घेतलं ते घेतलं. बायको आपल्या आवाजाने पडली, असं त्यांना वाटत होतं. ते तसं कधी बोलले नाहीत, पण इतक्या वर्षांच्या बायकोला ते कळायला बोलावं लागत नाही.

म्हणून हा साखरेचा पाक. मावशींना एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा, फक्त एकदाच, धडधाकट बायकोवर ओरडतात तसं आपल्यावर ओरडावं. ते झाल्याशिवाय आपण बऱ्या झालो असं त्यांना पटणार नव्हतं. डॉक्टरांच्या सहीला त्या काही फारशी किंमत देत नव्हत्या.

मावशींची मोटरसायकल जुनीच. शिवलेले कपडे घरोघरी पोचवायला त्या तरुणपणापासून ती चालवायच्या. पडल्यानंतर सिग्नलला पाय टेकून गाडी तोलून धरायची भीती नको, म्हणून गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या वेल्डरने तिचं एकटं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं बसवून दिली. या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणत. माणूस अत्यंत थंड, बोलणं मोजकं, पण नाव ठिणगी. तीनचाकी झाल्यावर मावशींनी त्याच्याकडून मागे जोडायची एक छोटी ट्रॉलीही करून घेतली, दोन चाकांची, बाजूंना फळ्या, मागे उघडणारं फाळकं. गाडीला मागे एक लोखंडी गोळा आणि ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला वाटी. वाटी गोळ्यावर बसवायची, खटका दाबायचा, पिन घालायची, झालं.

झालं असं मावशींना वाटलं. ठिणगीने मात्र चांगले चार-पाच रविवार त्यांना शाळेच्या मागच्या मैदानात फिरवलं. आधी रिकामी ट्रॉली, मग वाळूची पोती घालून.

"नाक जड, शेपूट हलकी," तो म्हणाला. "जड माल चाकांच्या थोडा पुढं. भरून झालं की दांडी हाताने उचलून बघायची. पाण्याने भरलेली बादली उचलल्यासारखं वाटलं पाहिजे. सहज उचलली गेली, तर निघायचं नाही."

"आणि फारच जड लागली तर?"

"तरी निघायचं नाही."

साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे वाटी निसटलीच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर झेलली जाते. थांबायला नेहमीच्या दुप्पट जागा धरायची. वळण पसरून घ्यायचं, नाहीतर आपण निघून जातो आणि ट्रॉलीचं चाक कडेच्या दगडावर चढतं. आणि शेवटचं त्याने दोनदा सांगितलं, जे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. "शेपूट डोलायला लागली, तर ब्रेकवर तुटून पडायचं नाही. हँडलशी झटापट करायची नाही. हँडल सरळ धरायचं, वेगाची मूठ हळूहळू सोडायची, आणि गाडीला आपणहून मंदावू द्यायचं."

मावशींच्या भाचीची एक हौशी नाटकमंडळी होती. भाची बसवायची, मावशी कपडे शिवायच्या, काका नेपथ्य ठोकायचे. या वेळचा प्रयोग शेजारच्या गावात होता, दुपारचा, आणि ऐनवेळी टेम्पोचा गिअरबॉक्स गेला. तालमीच्या खोलीत सगळे डोक्याला हात लावून बसले असताना मावशी म्हणाल्या, "मी नेते की."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. आता छप्पर उडणार अशीच सगळ्यांची खात्री. मावशींनीही मनातल्या मनात पदर खोचला होता. काका म्हणाले, "तिची इच्छा असेल तर नेऊ या. मी मागे बसेन."

मावशींना इतकं वाईट वाटलं, की त्या रात्री जेवल्यासुद्धा नाहीत धड. आजाऱ्याचे हट्ट पुरवतात तसा त्यांचा हट्ट पुरवला गेला होता.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रॉली भरायचं काम काकांनी एकट्याने केलं. मावशींना ओट्यावर खुर्ची टाकून दिली होती. काकांचा भरायचा एक नियम होता आणि तो टेम्पोच्या दिवसांपासून कुणी मोडलेला नव्हता. रंगमंचावर जे आधी लागतं ते गाडीत सगळ्यात शेवटी जातं, म्हणजे फाळकं उघडलं की पहिला अंक हाताशी, त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. नाटकवाल्यांच्या दृष्टीने यात काही चूक काढायला जागा नव्हती.

या नाटकाचा तिसरा अंक गच्चीवर होता. त्यामुळे कापडी ढग आणि थर्माकोलचा भलामोठा चंद्र गेला सगळ्यात आत, दांडीच्या बाजूला. दुसऱ्या अंकाच्या वेताच्या खुर्च्या मध्ये. आणि पहिला अंक घडत होता एका लॉजच्या काउंटरपाशी. ते काउंटर काकांनी अस्सल लाकडाचं केलं होतं, कारण प्लायवूडवर नट नीट टेकत नाही असं त्यांचं मत होतं. ते काउंटर आणि भिंतींच्या चौकटी उभ्या धरणारी लोखंडी वजनं, हे सगळं गेलं शेपटाला. चौकटी लांबट आणि हलक्या, त्या वर आडव्या बांधल्या. वरून ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, दोराला गाठी. काम बघत राहावं असं नेटकं झालं होतं.

मावशींनी टायरची हवा पाहिली. ट्रॉलीचे दिवे लावून, विझवून पाहिले. साखळ्या पाहायला वाकल्या, तर काका "वाकू नकोस, मी सांगतो, ओलांडूनच लावल्यात" म्हणाले. त्या हेल्मेट आणायला आत गेल्या आणि बाहेर येऊन पाहतात तर काकांनी वाटी गोळ्यावर बसवून, पिन घालून, हात पुसायलाही घेतले होते.

"अहो, मला दांडी उचलून बघायची होती."

"तू?" काकांचा चेहरा असा झाला, की जणू मावशींनी विहिरीत उडी मारायची परवानगी मागितली होती. "बसलीय गं नीट. मी पाहिलं ना."

पूर्वी मावशींनी तिथल्या तिथे पिन काढायला लावली असती. पण त्या केविलवाण्या चेहऱ्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारण्यासारखं होतं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि गाडीवर बसल्या. ही मात्र त्यांची चूक, आणि ती त्यांनी नंतर कबूलही केली.

गावात सगळं झकास चाललं. मावशी वळणं पसरून घेत होत्या, सिग्नलला लांबूनच वेग कमी करत होत्या, पुढच्या गाडीपासून असं अंतर ठेवत होत्या की मधल्या जागेत दोन रिक्षा येऊन गप्पा मारत उभ्या राहिल्या असत्या. गाडी किंचित अस्थिर वाटत होती, पाठीमागून कुणीतरी वर उचलत असल्यासारखी, पण मावशींनी ते काकांच्या वजनावर ढकललं. काका मागून दर थोड्या वेळाने म्हणत होते, "छान चालवतेस हं." मावशी दात-ओठ खात होत्या.

गाव संपलं, रस्ता मोकळा झाला. एक लांबलचक, साधासा उतार लागला. मावशींनी वेग फारसा वाढवला नव्हता, पण उताराने तो आपणहून वाढवला. आणि मग त्यांना आरशात ट्रॉलीचा एक कोपरा दिसला. डाव्या आरशात. पाठोपाठ उजव्या आरशात. परत डाव्या.

शेपूट डोलत होती.

हँडल हातात हलकं झालं होतं, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर गाडीची मागची बाजू थोडी थोडी ओढली जात होती. समोरून एक ट्रक येत होता. मावशींचा पाय ब्रेकवर गेला, अगदी टेकलाच, आणि त्यांनी तो परत उचलला. सगळं अंग म्हणत होतं दाब, आणि ठिणगी म्हणत होता दाबू नकोस.

"ब्रेक लाव ना जरा," काका कानाशी म्हणाले. आवाज फाटलेला, पण हळू. मरायची वेळ आली तरी हा माणूस कुजबुजत होता.

"नाही लावायचा. गप बसा आणि मध्ये बसा."

त्यांनी हँडल सरळ धरलं, घट्ट आवळलं नाही. मूठ सोडत गेल्या, थोडी, आणखी थोडी. ट्रॉली एकदा जोरात डावीकडे गेली, ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला, मग पुढचा हेलकावा लहान आला, त्यापुढचा त्याहून लहान. उताराच्या तळाशी सिमेंटच्या पाइपांचं एक आवार होतं. मावशींनी तिथे गाडी अलगद आत घेतली आणि बंद केली.

"किती छान थांबवलीस," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"छान काय डोंबल. दगड आणा दोन-चार, ट्रॉलीच्या चाकांना लावायला."

काकांनी दगड आणून लावले, आणि मग मावशींसाठी पाणी मागायला पाइपवाल्याच्या खोलीकडे गेले. त्यांची पाठ वळल्याबरोबर मावशी खाली उतरल्या, साखळ्या आणि दिव्यांची वायर सोडली, पिन काढली, खटका सोडला, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि बादलीएवढ्या वजनाची तयारी ठेवून उचलली. दांडी त्यांच्या हाताआधी वर गेली. छातीपर्यंत आली आणि मागे फाळक्याच्या बाजूला ट्रॉली धप्पकन जमिनीवर टेकली.

काका पाण्याचा पेला घेऊन धावत आले. अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

"अगं, उचललीस कशाला?"

"उचलली कुठं, तीच उचलली गेली. अहो, सकाळी तुम्ही ही लावलीत तेव्हा जड नाही लागली?"

"छे. एका हाताने उचलली," काका म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता. "उलट दाबून धरावी लागत होती. मला वाटलं, बरंच झालं. तुझ्या गाडीवर भार नको."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. बायकोवर भार नको म्हणून या माणसाने बायकोला जवळजवळ ट्रकखाली घातलं होतं. याच्यावर हसावं की रडावं ते त्यांना कळेना.

"नाक जड हवं," त्या म्हणाल्या. "सगळा लोखंडाचा बाजार तुम्ही शेपटाला नेऊन ठेवलात. पुढे काय, तर चंद्र."

"चंद्र तिसऱ्या अंकात आहे ना," काका समजावणीच्या सुरात म्हणाले.

"सगळं उतरवा. वजनं आणि काउंटर चाकांच्या वर, थोडं पुढे. खुर्च्या त्यामागे. चंद्र आणि ढग सगळ्यात शेवटी, फाळक्यापाशी."

काका थबकले. उभ्या आयुष्यात त्यांचा अंकांचा क्रम कुणी उलटा केला नव्हता. कपाळावरची शीर उडताना मावशींना स्पष्ट दिसली, आणि त्यांच्या मनात आशा पालवली. आता. आता बोला. पण काका दोराच्या गाठी सोडायला वळले.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

त्यांनी एकट्याने सगळं उतरवलं. मावशी खुर्चीच्या एका पायाला हात लावायला गेल्या, तर "नको, नको" झालं. शेवटी त्या एका पाइपवर जाऊन बसल्या आणि तिथून म्हणाल्या, "अहो, ऐका. तुमच्या ओरडण्याने मी पडले नव्हते. स्टुलाचा पाय डुगडुगत होता. मला आधीपासून माहीत होतं."

काउंटर ओढता ओढता काका थांबले. पाठ मावशींकडे होती. मावशींना वाटलं, गाठ सुटली एकदाची.

"दुपारची गोळी घेतलीस का?" काकांनी विचारलं.

इतकं सरळ बोलून दाखवलं तरी जर फरक पडत नसेल, तर पुढची सगळी वर्षं अशीच जाणार, बशीतल्या चहासारखी कोमट. मावशींना खरोखर भीती वाटली, मघाच्या उतारापेक्षा जास्त.

भरून झाल्यावर दांडी त्यांनी स्वतः उचलून पाहिली, काकांच्या चेहऱ्याकडे न बघता. भरलेली बादली, तंतोतंत. वाटी बसवली, पिन घातली, साखळ्या ओलांडल्या, दिव्यांची वायर जोडली. आवारातच एक फेरी मारून पाहिली आणि मग रस्ता धरला. पुढचा उतार आला, त्यापुढचाही आला. दोन्ही आरशांत नुसता रस्ता दिसत होता. ट्रॉली अशी मागून येत होती की ती आहे हे विसरायला व्हावं, आणि मावशींनी ते विसरायचं नाही असं स्वतःला बजावलं.

पोचायला मात्र उशीर झाला. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला भाची आणि बाकीची मंडळी बसने आधीच येऊन ताटकळत उभी होती. रंगमंचाच्या दाराशी जायला एक अरुंद बोळ होता, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाट्यगृहाच्या पहारेकऱ्याने झिलई करून उभी केलेली त्याची नवी सायकल. त्या बोळात ट्रॉली मागे मागे न्यायची होती.

ट्रॉली मागे नेणं हा उफराटा धंदा आहे. शेपूट डावीकडे जायला हवी असेल तर हँडल उजवीकडे वळवायचं, आणि वळवलं की लगेच परत आणायचं, नाहीतर ट्रॉली आणि गाडी कात्रीच्या पात्यांसारख्या मिटतात. मावशींना मैदानात ते जमत होतं. पण मैदानात कुणाची सायकल नव्हती. गाडीला ठिणगीने मागे जायचा रिव्हर्स गिअर बसवून दिलेला होता. त्यांनी तो टाकला आणि काकांना वाट दाखवायला मागे उभं केलं.

टेम्पो मागे घेताना काका जे ओरडायचे ते मंडळीत प्रसिद्ध होतं. टेम्पोवाले त्यांच्या आवाजाला आरशापेक्षा जास्त मानायचे. आज ते बोळाच्या तोंडाशी उभे राहिले आणि दोन बोटं हलवत म्हणाले, "थोडं डावीकडे... म्हणजे जमलं तर हं... घाई नाही."

इंजिनाच्या आवाजात मावशींपर्यंत काही पोचलं नाही. त्या मागे घेत राहिल्या. काकांनी बोटं जोरात हलवली, पण ते उभे होते नेमके तिथे, जिथे आरसा संपत होता. ट्रॉलीचं फाळकं सायकलच्या दिशेने निघालं. पहारेकरी खुर्चीवरून उठला. भाचीने तोंडावर हात धरला. आणखी हातभर अंतर उरलं असेल.

"अगं ए, थांब! थांब म्हणतो ना! डोळे काय शिवायला टाकलेत का? डावीकडे, डावीकडे, ते हँडल उजवीकडे ने आधी, किती वेळा सांगायचं!"

बोळ दणाणला. मावशींनी गाडी जागच्या जागी थांबवली. काकांचा हात हवेतच राहिला होता आणि त्यांची नजर मावशींच्या खुब्यावर होती, तो आता पुन्हा मोडतो की काय अशी.

मावशींना ते आरशात दिसलं नाही, म्हणून त्यांनी मान वळवून पाहिलं. या माणसाने आता माफी मागितली, की परत तीच बशी, तीच उशी. त्यांनी त्याला तेवढा वेळच दिला नाही.

"एकदाही सांगितलं नाहीत," त्या कडाडल्या. "पुटपुटत होतात नुसते. आणि उभं राहायचं कुठं ते कळत नाही? मला दिसाल असं उभं राहा, नाहीतर जाऊन चहा प्या."

काकांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मावशी गाडीवर ताठ बसलेल्या होत्या. काही मोडलं नव्हतं.

"बरोबर उभा होतो मी," ते म्हणाले, जरा चाचरतच. मग आवाज सापडला. "तुझाच आरसा वाकडा आहे. घे पुढे. आता सावकाश मागे. उजवीकडे हँडल. बस. सरळ. सरळ म्हणतोय, झोपलीस का? ये. ये. ये. थांब."

ट्रॉली बोळात सुतासारखी सरळ बसली. पहारेकऱ्याने तरीही सायकल उचलून दुसरीकडे नेली.

मंडळींनी दोर सोडून वरच्या चौकटी आत नेल्या. काकांनी फाळकं उघडलं, आणि चंद्र त्यांच्या अंगावर आला. तो त्यांनी कवेत धरला. मागोमाग ढग आले. आत रंगमंचावर माणसं चौकटी घेऊन वजनांची वाट बघत उभी होती, पडदा उघडायला फार वेळ राहिला नव्हता, आणि काका चंद्राला मिठी मारून बोळात उभे होते.

"आता मी याचं काय करू?" ते म्हणाले. "याला लॉजमध्ये खोली देऊ? पहिला अंक तळाशी, तिसरा डोक्यावर. नाटक आहे की तुझं कपाट?"

"तुमच्या अंकांपायी जीव गेला असता माझा," मावशी म्हणाल्या. "ठेवा तो भिंतीला आणि काउंटर काढा."

चंद्र भिंतीला टेकला, खुर्च्या निघाल्या, वजनं एकेक करून आत गेली. राहिलं काउंटर. काकांनी त्याचं एक टोक ओढून फाळक्यापर्यंत आणलं. दुसरं टोक धरायला भाची पुढे झाली, तिच्यापाठोपाठ लॉजच्या मालकाचं काम करणारा धिप्पाड नट झाला. काकांनी दोघांनाही हाताने बाजूला सारलं. कपाळावर घाम, डोळे काउंटरवर, आणि आवाज थेट शेडमधून भिंतीवरून यायचा तसा.

"तुम्हाला नाही जमायचं, खालची पट्टी निसटते. अगं, बघत काय उभी राहिलीस? ये इकडे, धर ते टोक."

भाची म्हणाली, "काका, मावशीला कशाला..."

"तिला माहीत आहे कुठं धरायचं."

मावशी गाडीवरून उतरल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. बाह्या वर केल्या, वाकल्या, खालच्या पट्टीच्या आत बोटं घातली आणि उचललं. काउंटर जड होतं, अस्सल लाकडाचं. खुब्याने तक्रार केली नाही.

"वाकडं धरलंस," काका म्हणाले.

"तुम्ही बुटके आहात, त्याला मी काय करू?"

"वर घे. वर. पायरी आहे पुढे."

"दिसतेय मला. तुम्ही तुमची बघा."

काउंटर दारातून आत जाऊन जागेवर बसेपर्यंत काका बोलतच होते, आणि मावशी त्यांचा एकही शब्द खाली पडू देत नव्हत्या.